तडकलेली काच आणि तीन फुटांची टाकी

एप्रिल २०२२ मधील गोष्ट. रात्रीचे साडेदहा झाले असावेत. जेवणे आटोपली होती, कूलरची घरघर चालू होती आणि आम्ही पेपर चाळत पडलो होतो. तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला. कुणाच्या हातून चमचा फरशीवर पडावा तसा. आमच्या आईने आतून विचारले, "काय पडलं रे?" पाहिले तर काहीच पडलेले दिसेना. पाच-दहा मिनिटांनी आमचा धाकटा पाणी प्यायला उठला आणि ओरडला, "बाबा, टाकीखाली ओलं झालंय!"

टाकी म्हणजे आमची माशांची टाकी. २०१७ साली आम्ही मुलांना घेऊन मुंबईला गेलो होतो. तेव्हा मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय दाखविले. हे मत्स्यालय १९५१ सालचे. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण होऊन आत अ‍ॅक्रिलिकचा बोगदा केला गेला. आपण मधून चालायचे आणि मासे डोक्यावरून पोहायचे. आमची थोरली तेव्हा सात वर्षांची होती. ती त्या बोगद्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती. नागपूरला परतल्यावर तिचे एकच टुमणे, घरात मासे पाहिजेत. तयार टाकीची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो आणि दिवाळीच्या सुटीत स्वतःच टाकी बांधायला घेतली. एका ओळखीच्या गृहस्थांनी दुकानाचे शोकेस मोडले होते, त्याची ५ मिलिमीटरची काच मिळाली. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी झाली. उंची दीड फूट का ठेवली, तर दिसायला भारदस्त दिसते म्हणून! दुसरे काहीही कारण नव्हते. या भारदस्तपणाचा हिशेब पुढे द्यावा लागणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

तर त्या रात्री टॉर्च मारून पाहिले. समोरच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ तिरकी वर गेली होती, साधारण वीतभर. तिच्यातून पाणी झिरपत होते आणि स्टँडच्या पायावरून ओघळत थेट विजेच्या एक्स्टेंशन बोर्डाकडे निघाले होते. त्याच बोर्डावर हवेचा पंप, फिल्टर आणि दिवा, तिन्ही चालू.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे, की अशा वेळी आधी माशांकडे धावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ओल्या हाताने बोर्डाची पिन उपसायला जाऊ नये. आम्ही मेन बंद केला, मेणबत्ती लावली आणि मग रबरी नळीने पाणी काढायला लागलो. नळी तोंडाने ओढू नये, टाकीतले पाणी पोटात जाते. नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्यावी, एक टोक अंगठ्याने दाबावे आणि बाहेर काढून बादलीत सोडावे. बादल्यांमागून बादल्या गॅलरीतल्या कुंड्यांत आणि मोरीत रिकाम्या केल्या. माशांचे पाणी झाडांना मानवते, पण त्या रात्री तुळशीलाही जरा जास्तच झाले असेल. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून एवढे पाणी उतरले असते तर सकाळी काय ऐकावे लागले असते, याची कल्पना केलेली बरी.

पाणी चार बोटांवर आले तशी गळती मंदावली. आता मासे कोठे ठेवायचे? आमची आई माळ्यावरचे पितळी गंगाळ घेऊन आली. "यात तुम्ही सगळे न्हालात, यात काय चार मासे मावणार नाहीत?" तिचे म्हणणे मायेचेच होते. परंतु पितळेत तांबे असते आणि पाण्यात उतरलेले थोडेसे तांबेही माशांना विष ठरते. माणसाने तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे हे खरे, पण माशाला त्यात राहायचे असते, त्याच पाण्याने श्वास घ्यायचा असतो. गंगाळ परत गेले. आई थोडी नाराज झाली. शेवटी मुलांच्या लहानपणीचा प्लॅस्टिकचा मोठा टब सापडला. त्याला साबण न लावता नुसत्या पाण्याने चोळून धुतले, टाकीतलेच पाणी त्यात ओतले आणि मासे हलविले. दोन एंजल, सहा मॉली, डझनभर गप्पी आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर. थोरली जाळी धरून होती. तिचे हात थरथरत होते, पण एकही मासा खाली पडला नाही.

येथपर्यंत सारे बरोबर झाले. चूक दुसऱ्या दिवशी झाली आणि ती आमची. फिल्टरचा स्पंज मळका दिसला म्हणून आम्ही धाकट्याला तो धुऊन टाकायला सांगितले. त्याने इमानदारीने नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा करून आणला. आम्ही शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडे उघडझाप करीत होते आणि दोन मॉली तळाशी आडव्या पडल्या होत्या.

झाले होते असे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना जाळतो. त्या मळक्या स्पंजमध्ये वाढणारे सूक्ष्म जंतू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात. म्हणजे स्पंजमधला तो गाळ हेच टाकीचे खरे यंत्र. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेले असते. त्याने आमचे यंत्र एका मिनिटात बंद पाडले. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच हलवावा, आणि टाकी बंद असेल त्या काळात तो ओलाच ठेवावा, हवेच्या पंपाला जोडून माशांच्याच टबात सोडावा. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. कोठेतरी वाचले होते. गडबडीत विसरलो आणि दोन जीव गेले. धाकट्याला वाटले की त्याच्यामुळे झाले. त्याला जवळ घेऊन सांगावे लागले, की बाळा, धुवायला आम्ही सांगितले होते, तू नव्हे.

मग दररोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचे ठरले. बदलायचे पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवलेले असावे म्हणजे साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. बादलीवर मात्र पातळ फडके बांधावे. टबातल्या गप्पी डासांच्या अळ्या खातात, बादलीत खायला कोणी नसते, आणि डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. खाद्यही आम्ही अर्ध्यावर आणले. मोठा मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही. पोटभर खाऊ घालून पाणी नासविले तर मात्र बिघडते.

दुसरी काळजी उन्हाची. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना साडेसात. टब लहान, पाणी थोडे, त्यामुळे दुपारी ते चटकन तापे. आम्ही माठाची युक्ती केली. टबाला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले आणि समोर पंखा लावला. पाणी हाताला गार लागू लागले. बर्फ थेट टाकू नये, पाण्याला एकदम गारठा बसला तर मासे दगावतात.

आता काचेकडे वळू. या बाबतीत नागपुरात सल्लागारांची कमतरता नाही. शेजारच्या भाऊंनी सांगितले, नळाच्या गळतीला लावतात ती लांबी बाहेरून लावा, दगड होते. आम्ही लावली. दगड झाली हे खरे. एक दिवस वाळू दिली आणि रिकाम्या टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी भरले. दोन तासांत लांबीच्या कडेने घाम फुटल्यासारखे थेंब दिसू लागले. विचार केल्यावर कारण कळले. पाणी आतून बाहेर ढकलते. बाहेरून लावलेले ठिगळ पाणी उचकटूनच काढणार. आतून तड्यापेक्षा मोठा काचेचा तुकडा सिलिकॉनने चिकटविला तर पाणी त्याला उलट दाबून धरते, म्हणून तळाच्या लहान तड्याला असा तुकडा लावून काम भागविता येते. पण आमचा तडा समोरच्या काचेत आणि कोपऱ्यातून निघालेला. तो आज वीतभर आहे, उद्या हातभर होईल.

शेवटी तडकलेल्या काचेचे माप घेऊन काचवाल्या काकांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, हयात काच कापण्यात गेलेली. त्यांनी मापाकडे न पाहता आधी विचारले, "भाऊ, काच बदलून देतो मी, पण ती तडकली कशाने ते पाह्यलं का? ते नाही पाह्यलं तर पुढच्या वर्षी पुन्हा याल माझ्याकडे." मग त्यांनी दोन प्रश्न केले. काच किती जाडीची आणि उंची किती? टाकी कशावर ठेवली होती?

पहिल्या प्रश्नाचा हिशेब आम्ही घरी येऊन मुलीला बसवून केला, कारण तिला शाळेत दाबाचा धडा होता. पाण्याचा काचेवरील रेटा टाकीत एकूण पाणी किती यावर ठरत नाही, पाण्याची उंची आणि काचेची लांबी यांवर ठरतो. आणि उंचीचा परिणाम वर्गाने वाढतो. तीन फूट लांबीच्या काचेमागे एक फूट उंच पाणी असेल तर काचेवर एकूण रेटा साधारण ४२ किलो वजनाइतका येतो. उंची दीड फूट केली की तोच रेटा ९५ किलोच्या वर जातो. उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट! म्हणजे एक चांगला धष्टपुष्ट माणूस पाच वर्षे त्या काचेला आतून पाठ लावून उभा होता. ५ मिलिमीटरची काच एक फूट उंचीला पुरते. दीड फुटाला ८ मिलिमीटर हवी होती. आणि काच आम्हांला सांगतही होती. टाकी भरलेली असताना समोरच्या काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब मध्यभागी वाकडे दिसायचे. काच फुगलेली असल्याची ती खूण. आम्हांला ती गंमत वाटायची.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्टँडपाशी मिळाले. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि स्टँडच्या फळीवर ठेवली. बुडबुडा मध्यावर थांबेना, एका बाजूला जाऊन बसला. साध्या प्लायवूडची फळी. पाणी बदलताना सांडलेले थेंब पाच वर्षे पिऊन डावा कोपरा फुगून वर आला होता. १२७ लिटर पाणी, खाली रेती आणि दगड, म्हणजे दीडशे किलोंच्या घरातला भार, आणि तो एका कोपऱ्यावर टेकलेला. टाकी पिळली जात होती. तडा त्याच कोपऱ्यातून निघाला होता. काचेचा यात काय दोष?

तेव्हा घरात सभा भरली. एक मार्ग असा की ८ मिलिमीटरची सगळी नवी काच आणावी आणि दीड फूट उंची कायम ठेवावी. पैसा जास्त, वजन जास्त. दुसरा मार्ग काकांनी सुचविला होता. जुन्या तीन काचा चांगल्या आहेत, त्या एक फूट उंचीला कापून घ्याव्यात, समोरची तेवढी ५ मिलिमीटरची नवी घालावी. खर्च एक हजाराच्या आत. आमच्या पत्नी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने, आईही. थोरली मात्र उठून उभी राहिली. "मग माझे एंजल?"

तिचा प्रश्न रास्त होता. एंजल हा उभा मासा. त्याचे वरचे-खालचे पर लांब असतात आणि वाढ झाली की परांसह तो वीतभर उंच होतो. एक फूट टाकीत रेतीचा थर आणि वरची मोकळी जागा सोडली की हाताशी दहा इंचही पाणी राहत नाही. बाकीच्या माशांना ते पुष्कळ, एंजलला कोंडवाडा. तिने ते दोन्ही रुपयाएवढे असताना आणले होते. म्हणजे टाकी सुरक्षित करायची तर एंजल द्यायचे, किंवा एंजल ठेवायचे तर आणखी दोन-अडीच हजार रुपये काढायचे. जूनमध्ये दोन्ही मुलांच्या शाळेचा खर्च उभा होता. आम्ही दुसरा मार्ग धरला. वडील म्हणून हा निर्णय घेताना फार बरे वाटले असे सांगणार नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितले, की शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमकडे दोन फूट उंच टाकी आहे आणि त्या एंजल घ्यायला तयार आहेत.

येथे एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. नको झालेले मासे तलावात किंवा नदीत सोडू नयेत. पुण्य लागत नाही. विशेषतः सकर. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, अंगावर चिलखत, खाणार त्याला कोण? आपल्याकडच्या जलाशयांत तो पसरला आहे आणि कोळी बांधवांची जाळी फाडतो. द्यायचे तर कुणाच्या टाकीत द्यावेत किंवा दुकानात परत करावेत.

काम सुरू झाले. समोरच्या काचेसाठी आम्ही आधी फुकटातली काच शोधली, खोड जात नाही. एका बंद पडलेल्या दुकानाच्या दाराची जाड काच मिळत होती. काकांनी कोपऱ्यावरचा शिक्का पाहिला आणि हात मागे घेतला. "हे टफन हाय भाऊ. याला कटर लावला तर हातात साबुदाणा राहीन." कडक केलेली काच एकदा भट्टीतून निघाली की नंतर कापता येत नाही, सबंध फुटून तिचे दाणे होतात. साधी फ्लोट काचच घ्यावी. कडा घासून मागाव्यात. आमच्या जुन्या काचांच्या कापलेल्या कडा आम्ही घरी कार्बोरंडमच्या दगडाने घासल्या, दगड आणि काच दोन्ही ओले ठेवून, म्हणजे काचेची पूड हवेत उडत नाही. पायात बूट, हातात जाड मोजे, आणि लहान मुले खोलीबाहेर.

टाकी सोडविणे हे मात्र कापण्याच्या आधीचे काम, आणि ते कंटाळवाणे आहे. सांध्यातले जुने सिलिकॉन ब्लेडने दोन्ही बाजूंनी चिरायचे आणि मग दोन काचांच्या मधून गळाची तंगूस करवतीसारखी पुढे-मागे ओढायची. नायलॉन मांजा वापरा असे कोणी सांगेल, त्याचे ऐकू नये. त्या मांज्यावर बंदी आहे आणि त्याने कापलेले गळे या शहराने पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या चार बाजूंना दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर काचेवर राहिलेला सिलिकॉनचा पापुद्रा खरवडणे. तो अगदी कणभरही ठेवू नये, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, गळती तेथूनच सुरू होते. शेवटचा हात अ‍ॅसिटोनचा. मुलीने तिच्या आईची नेलपॉलिश काढायची बाटली आणून दिली होती. तिच्यात तेल मिसळलेले असते, त्याने काम बिघडते. शुद्ध अ‍ॅसिटोन आणावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटते नसावे.

सिलिकॉन आणण्यातही आमची फसगत होता होता राहिली. हार्डवेअरच्या दुकानात "पाण्याचं काम" म्हटल्यावर त्यांनी बाथरूमसाठीची नळी दिली. घरी येऊन बारीक अक्षरे वाचली तर बुरशीनाशक मिसळलेले. मोरीत ते गुणाचे, टाकीत माशांच्या जिवावर उठणारे. परत देऊन मत्स्यपेटीसाठी चालते असे स्पष्ट छापलेले आणले. ते लावताना व्हिनेगरसारखा आंबूस झणका येतो. वाळले की वास जातो.

जोडणी आम्ही आणि थोरली, दोघांनी केली. आधी कोरड्या काचा उभ्या करून पाहिल्या. सांध्यांच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावली, म्हणजे पसरलेले सिलिकॉन पट्टीबरोबर निघून येते. तळाच्या काचेवर सलग रेघ ओढायची, मध्ये थांबायचे नाही. थांबले की तेथे हवेचा फुगा राहतो. काच दाबताना जोर करू नये. सगळे सिलिकॉन बाहेर येऊन काचेला काच भिडली तर सांधा कच्चा होतो. मध्ये दीड-एक मिलिमीटर राहावे म्हणून आम्ही सांध्याच्या कडांना दात कोरायच्या काड्या ठेवल्या आणि नंतर ओढून घेतल्या. त्या भोकांत लगेच थेंब भरला. हे सारे भरभर करावे लागते, पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. साय धरल्यावर बोट लावण्याचा मोह आवरावा. मागची काच कापून जी सहा इंची पट्टी उरली होती तिच्यातून दीड-दीड इंचाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि टाकीच्या वरच्या लांब कडांना आतून आडव्या चिकटविल्या. त्यांनी काचेचा मधला फुगवटा धरून ठेवला जातो. पहिल्या टाकीला त्या नव्हत्याच.

मग वाट पाहणे. हे सिलिकॉन हवेतला दमटपणा घेऊन वाळते. ऐकायला उलटे वाटेल, पण मुंबईच्या दमट हवेपेक्षा नागपूरच्या एप्रिलमध्ये ते सावकाश पक्के होते. आम्ही कूलर त्याच खोलीत चालू ठेवला. पाकिटावर चोवीस तास लिहिले होते, आम्ही आठ दिवस थांबलो. त्या आठ दिवसांत धाकट्याने रोज सकाळी विचारले, "आज भरायची?"

दरम्यान स्टँडची फळी बदलली. या वेळी मरीन प्लाय, आयएस ७१० असा शिक्का पाहून, १९ मिलिमीटर जाडीचा, कडांना रंग मारून. पाणसळ आडवी-उभी ठेवून पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या. वर थर्मोकोलची शीट, म्हणजे बारीक खडा किंवा खोलगटपणा राहिला तरी काचेला कळत नाही.

चाचणी गच्चीच्या जिन्याखाली सावलीत घेतली. एका दिवशी पाव टाकी, दुसऱ्या दिवशी अर्धी, मग पूर्ण. खाली जुने वर्तमानपत्र, थेंब पडला की डाग दिसतो. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली! आमच्या पोटात गोळा आला. वर्तमानपत्र तर कोरडे. आमच्या पत्नींनी शेजारी ठेवलेली बादली दाखविली. तिचेही पाणी तेवढेच उतरले होते. ते ऊन पीत होते, टाकी गळत नव्हती. तेव्हापासून चाचणीच्या टाकीजवळ एक बादली भरून ठेवावी असे आम्ही सर्वांना सांगतो. तीन दिवस वर्तमानपत्र कोरडे राहिले.

टाकी बैठकीत आली. ८५ लिटरची, पूर्वीपेक्षा बुटकी, आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब आता सरळ. एक्स्टेंशन बोर्ड भिंतीवर टाकीपेक्षा वर लावला आणि वायरी आधी खाली लोंबू देऊन मग वर नेल्या, म्हणजे वायरीवरून येणारा थेंब बोर्डात न जाता खालच्या वळणावर गळून पडतो. जुने पाणी, जुनी रेती, जुना मळका स्पंज. माशांना एका पिशवीत घेऊन ती टाकीत तरंगत ठेवली आणि दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीतले पाणी पिशवीत घालत गेलो. तासाभराने मॉली आणि गप्पी बाहेर पडल्या. सकर लगेच नव्या काचेला जाऊन चिकटला. धाकट्याने काचेवर अकरा इंचांवर तैलरंगाने लाल रेघ मारली. पाणी याच्या वर जायचे नाही.

एंजल त्याच रविवारी मॅडमकडे पोहोचविले. थोरलीने पिशवी मांडीवर घेऊन सारा रस्ता बस काढली. त्यांची टाकी मोठी देखणी, पाणवनस्पतींनी भरलेली. एंजल आत गेले आणि पानांच्या आड उभे राहिले. मॅडम चहा करायला आत गेल्या तेव्हा मुलीने दप्तरातून पाणसळ काढली. ती तिने कधी ठेवून घेतली होती, आम्हांलाही ठाऊक नव्हते. स्टँडच्या कडेवर ठेवून ती बराच वेळ बुडबुड्याकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, उजवीकडं कलतंय."

पुढच्या रविवारी थर्मोकोलची शीट आणि पत्र्याच्या चकत्या घेऊन आम्ही पुन्हा मॅडमच्या दारात उभे होतो. पाणसळ गवंड्याला परत करायची मात्र अजून राहूनच गेली आहे.